भयमुक्तीपासून अंगणवाडीपर्यंत : महाराष्ट्रातील बालशिक्षण चळवळ आणि मुलांच्या भावजीवनाचा विचार (१९२० ते १९९१)

प्रस्तावना

मराठीत ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे दोन शब्द एकाच धातूपासून आले आहेत. हिंदी भाषकाला ‘शिक्षा’ म्हटले की शाळा आठवते. मराठी भाषकाला छडी, दंड किंवा तुरुंग आठवतो. भाषेतील हा अर्थबदल कधी व कसा झाला हा भाषाशास्त्राचा विषय आहे. परंतु शाळा आणि मार यांचे नाते मराठी समाजाला किती स्वाभाविक वाटत होते, याची साक्ष या एका शब्दात मिळते. पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे मार द्यावा आणि सोळावे लागताच मुलाला मित्रासारखे वागवावे, अशा आशयाचे संस्कृत सुभाषित आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. बाल्य आणि किशोरावस्था यांची ही परंपरागत कालगणना होती. त्यात मुलगा आहे, मुलगी नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मुलांच्या सामाजिक व भावनिक विकासाला महत्त्वाचे स्थान मिळाल्यापासून ही संकल्पना नव्यानेच आपल्याकडे आली आहे, असा समज शिक्षकप्रशिक्षण वर्गांतून सर्रास आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करावयाची आहे. गुजरातमधील भावनगर, मुंबईतील दादर, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड या चार ठिकाणी सुमारे अर्धशतकाच्या कालावधीत मुलांच्या मनाचा जो विचार झाला, त्याचा मागोवा येथे घेतला आहे. मानसशास्त्रीय सिद्धांतांची चर्चा करण्यापेक्षा, विशिष्ट सामाजिक परिस्थितीत हा विचार कसा बदलत गेला, हे पाहण्यावर भर आहे.

पंतोजी, दिपोटी आणि भीती

एकोणिसाव्या शतकातील मराठी आत्मचरित्रे व आठवणी वाचताना पंतोजीच्या शाळेची वर्णने वारंवार भेटतात. अंगठे धरून उभे राहणे, कान पिळणे, छडीचा मार, ऊठबशा यांचा उल्लेख लेखक बहुधा विनोदाने, कधी तर कौतुकानेही करतात. मार खाऊन आपण शहाणे झालो, अशी त्यांची धारणा असते. इंग्रजी राजवटीत सरकारी शाळा आल्या, छापील पुस्तके आली, दिपोटी तपासणीला येऊ लागले. पण भीती हे शिकवण्याचे साधन कायम राहिले. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाल्यावर तर शिक्षकाच्या भीतीची भर विद्यार्थ्याच्या भीतीत पडली. दिपोटीला भ्यालेला मास्तर वर्गात सौम्य राहील, ही अपेक्षाच व्यर्थ होती.

समाजसुधारकांनी शाळेचे दरवाजे कोणासाठी उघडावेत, हा प्रश्न विचारला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. शाळेत बसलेल्या मुलाच्या मनात काय चालते, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. क्रमाच्या दृष्टीने ते योग्यच होते असे म्हणावे लागेल. ज्याला शाळेत प्रवेशच नाही त्याच्या वर्गातील मनःस्थितीची चर्चा कोण करणार?

भावनगरचा प्रयोग

हा दुसरा प्रश्न पश्चिम भारतात प्रथम ठळकपणे मांडला तो गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) यांनी. ते व्यवसायाने वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या चिंतेतून ते बालशिक्षणाकडे वळले. वसो येथील मोतीभाई अमीन यांच्यामुळे माँटेसरी पद्धतीशी त्यांचा परिचय झाला. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. मुलांनी आणि पालकांनी त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणावे, यातच त्या काळच्या शिक्षकप्रतिमेला बसलेला धक्का दिसतो. शिक्षक हा बापाचा प्रतिनिधी, असे मानणाऱ्या समाजात एक पुरुष आईची भूमिका घेत होता.

मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले होते. आईबाप कामाला गेल्यावर मागे राहिलेली मजुरांची मुले हे तिचे पहिले विद्यार्थी. ही वस्तुस्थिती आपल्याकडे फार लवकर विसरली गेली. भारतात माँटेसरी हे नाव पुढे शहरातील सुखवस्तू घरांशी जोडले गेले. आजही एखाद्या गल्लीत ‘माँटेसरी’ची पाटी दिसली की शुल्क किती असेल, हाच विचार प्रथम मनात येतो.

गिजुभाईंनी माँटेसरी पद्धती जशीच्या तशी उचलली नाही. लहान वयात कल्पित कथांना माँटेसरी अनुकूल नव्हत्या. मुलाने वास्तव वस्तूंशी काम करावे, इंद्रियांना शिस्त लागावी, यावर त्यांचा भर होता. गिजुभाईंच्या बालमंदिरात मात्र गोष्ट, गाणे, नाट्य आणि भटकंती यांना मोठे स्थान होते. या फरकाकडे केवळ अध्यापनपद्धतीतील तपशील म्हणून पाहता येणार नाही. गोष्टीतला राक्षस ऐकताना मूल स्वतःची भीती बाहेर काढते, नाटकातला राजा होताना घरात न मिळणारा मान अनुभवते. ‘भावनांचे विरेचन’ असा शब्द न वापरताही भावनगरच्या बालमंदिराने त्याची सोय केली होती. ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गाला पहिल्यांदा गोष्टीनेच आपलेसे करतो, हे लक्षणीय आहे.

ताराबाई मोडक : पालक हाच विद्यार्थी

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीतील संसार, त्यातील ताटातूट, नंतर राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयातील प्राचार्यपद असा त्यांचा प्रवास झाला. प्रतिष्ठेची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या लहान मुलीसह भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये गिजुभाईंसमवेत त्यांनी नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली. १९३३ मध्ये मराठी ‘शिक्षणपत्रिका’ सुरू झाली आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार.

या टप्प्यावर विचाराचा रोख बदललेला दिसतो. गिजुभाईंचा मुख्य शत्रू शाळेतील छडी होता. ताराबाईंच्या मराठी लेखनाचा वाचक मुख्यतः मध्यमवर्गीय पालक होता. मुंबईत चाळीतील दोन खोल्यांत राहणारे, नोकरीनिमित्त गाव सोडून आलेले कुटुंब त्यांच्यासमोर होते. गावच्या वाड्यात मुलाला आजी, काकू, चुलत भावंडे अशी अनेक माणसे मिळत. एकाने रागावले तर दुसरे जवळ घेई. चाळीतल्या बिऱ्हाडात आई आणि मूल समोरासमोर आले. मुलाचा हट्ट, खोटे बोलणे, जेवताना त्रास देणे, धाकट्या भावंडाचा मत्सर हे एकत्र कुटुंबात विरून जाणारे प्रश्न आता दोन खोल्यांत साचू लागले. या विषयांवर पालकांशी बोलणारे नियतकालिक त्या दशकात का आवश्यक ठरले, याचे एक कारण शहरीकरणात शोधले पाहिजे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. मुलाची ‘खोड’ आणि मुलाची ‘गरज’ हे दोन शब्द वेगळे आहेत, ही जाणीव मराठी घरात रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या चळवळीकडे जाते.

याच सुमारास साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ प्रकाशित झाले (१९३५). नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या या पुस्तकाने मराठी मनात आईच्या मायेची जी प्रतिमा ठसवली तिला तोड नाही. परंतु बालशिक्षण चळवळीची आई आणि श्यामची आई या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला त्याची आई मारत बाहेर काढते. तेथे मार आणि माया एकाच हाताने येतात आणि वाचकाचे डोळे पाणावतात. ताराबाईंच्या विचारात त्या प्रसंगाची मांडणी मुलाच्या बाजूने झाली असती : मूल कशाला भ्याले, हे आधी पाहावे लागले असते. महाराष्ट्राने दोन्ही आयांना नमस्कार केला आणि प्रत्यक्षात पहिलीचे अनुकरण केले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

किशोरवयीन मुलांच्या संदर्भात मात्र साने गुरुजींचे कार्य वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना त्यांनी छात्रालयाची जबाबदारी सांभाळली. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. आजारी मुलांची शुश्रूषा करीत. त्यांच्या खोल्या झाडीत. न रागावता लाज वाटायला लावणे, ही त्यांची रीत होती. स्टॅनले हॉल यांचा किशोरावस्थेवरील ग्रंथ १९०४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता आणि त्यात या वयाचे वर्णन वादळाचे वय म्हणून केले होते. खानदेशातील छात्रालयात घर सोडून आलेल्या मुलांचे ते वादळ एक शिक्षक सेवेने शांत करू पाहत होता. ही पद्धत व्यक्तिनिष्ठ होती; गुरुजी गेले की ती उरत नाही, ही तिची मर्यादाही होती.

बोर्डी, १९४५

जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेत नयी तालीमची व्याप्ती पूर्वप्राथमिक वयापर्यंत नेण्याचा विचार मांडला गेला. गांधीविचाराने प्रेरित झालेल्या ताराबाईंनी दादरचे स्थिर काम सोडून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. (येथे ‘शिक्षा’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने परतला आहे, मराठी वाचक क्षणभर अडखळतो, ते बरेच आहे.) त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ (१९१०-१९९२). मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. पुढे शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. सुभाषितातील ‘लाड, मार, मैत्री’ या तीन पायऱ्यांपैकी एकही अशा मुलीला लागू होत नव्हती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा केले, ते त्यांच्या विवाहानंतर. किशोरावस्था हा जीवनाचा टप्पा त्या पिढीतील असंख्य मुलींच्या वाट्याला आलाच नाही. बाल्यातून त्या थेट संसारात, आणि काही तर वैधव्यात गेल्या.

बोर्डी आणि डहाणू-तलासरीचा परिसर १९४५ मध्ये कसा होता, हे बालशिक्षणाच्या इतिहासात क्वचित सांगितले जाते. गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेचे वारली आंदोलन त्याच वर्षी उभे राहिले. वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराकडे राबण्याची ‘लग्नगडी’ पद्धत यांविरुद्ध तो उठाव होता. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरीजवळ झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी त्याच तालुक्यात बालवाडी सुरू झाली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) आणि अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ ही दोन पुस्तके एकाच प्रदेशाची आहेत. ती एकत्र वाचली जात नाहीत, हे आपल्या इतिहासलेखनाचे वैगुण्य होय.

या पार्श्वभूमीवर भीतीचा अर्थच बदलतो. भावनगरच्या मुलाला मास्तराची भीती होती. वारली मुलाला पांढऱ्या कपड्यातील प्रत्येक बाहेरच्या माणसाची भीती होती, आणि ती अनुभवाने शिकलेली होती. आईबाप ज्याला पाहून आडोशाला जातात, त्याच्या हातातील खेळण्याकडे मूल कसे धावेल? मुले बालवाडीत येत नाहीत, हे पाहून चळवळीने उलटा मार्ग धरला. बालवाडी पाड्यावर, झोपडीपुढच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम या व्यावहारिक अडचणीत आहे. अंगण हे मुलाच्या ओळखीचे. तेथे पाहुणी असते ती शिक्षिका. कोणी कोणाला घाबरावे, हा हिशेब त्यामुळे काही अंशी बदलला.

दुसरी अडचण अधिक मूलगामी होती. सहासात वर्षांची मुलगी यायची ती कडेवर भावंड घेऊनच. ते रडले की तिचे लक्ष उडे; त्याला घरी ठेवावे तर घरी कोणी नाही. चळवळीने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणून ‘विकासवाडी’ उभी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर जाऊ लागले आणि ‘कुरणशाळा’ निर्माण झाली. महागड्या लाकडी साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, काटक्या, खडे आले. मोजायला शिकताना हाताशी असलेली चिंचोके-गुंजांची रास मुलाला परकी नव्हती.

येथे एका सैद्धांतिक मुद्द्याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. शहरी बालवाडीचे सामाजिक उद्दिष्ट असे सांगितले जाते की, एकट्या वाढणाऱ्या मुलाने इतरांबरोबर राहायला, वाटून घ्यायला, थांबायला शिकावे. पाड्यावरच्या मुलीला हे शिकवण्याचे कारण नव्हते. कडेवरच्या भावंडाची भूक तिला त्याच्या रडण्याच्या सुरावरून कळत होती; स्वतःच्या घासातला अर्धा त्याला देणे हा तिचा रोजचा व्यवहार होता. सामाजिकदृष्ट्या ती दादरच्या समवयस्क मुलीच्या कितीतरी पुढे होती. तिच्याकडे नव्हता तो मोकळा वेळ, ज्यात ती केवळ स्वतःसाठी खेळू शकेल. विकासवाडीने तिच्या कडेवरचे ओझे दिवसातील काही तास उतरवले. बाल्याची संकल्पना आधुनिक काळात घडली, असे प्रतिपादन फिलिप आरिएस यांनी १९६० मध्ये फ्रान्सच्या संदर्भात केले आणि त्यावर पुष्कळ वाद झाले. कोसबाडचे उदाहरण त्या वादात एक साधी भर घालते : बाल्य ही कल्पना असेलही, पण ते उपलब्ध होण्यासाठी कडेवरचे मूल सांभाळायला दुसरे कोणी तरी लागते.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. या कार्याचे मूल्यमापन करताना दोन उणिवांचा निर्देश केला पाहिजे. आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे यांनी दिवसाची सुरुवात होई. आरोग्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वादातीत आहे. मात्र ‘स्वच्छता’ आणि ‘संस्कार’ या शब्दांची जवळीक मराठी पांढरपेशा मनात फार जुनी आहे, आणि आपण अस्वच्छ आहोत ही जाणीव मुलाला प्रथम बाहेरच्या माणसाच्या हातून होणे हाही एक भावनिक अनुभव असतो. दुसरी उणीव जमिनीच्या प्रश्नासंबंधी आहे. गरिबीमुळे शाळेपासून दूर राहिलेल्या मुलापर्यंत चळवळ पोहोचली. ते गरीब का, यावर बालवाडीच्या अंगणात बोलले जात नव्हते. त्या अंगणाबाहेर मात्र लाल बावटा नेमके तेच बोलत होता. या दोन धारांनी परस्परांना पूरक मानले असते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाकडे नाही. पण एकीने मुलाची भीती कमी केली आणि दुसरीने मुलाच्या बापाची, एवढे निश्चित म्हणता येते. बाप सावकारापुढे ताठ उभा राहिलेला पाहणे हा मुलाच्या भावनिक विकासातील किती मोठा प्रसंग असेल, याची नोंद कोणत्याही बालवाडीच्या दैनंदिनीत होणार नव्हती.

अंगणवाडीचे राष्ट्रीयीकरण आणि दारातील मुलगी

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव दिले. कोसबाडच्या परिसरात रुजलेला शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत गेला. या शब्दाबरोबर आशय किती गेला, हा वेगळा प्रश्न आहे. पूरक आहार, लसीकरण, वजनाची नोंद, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण असा तो कार्यक्रम. कुपोषणाने ग्रासलेल्या देशात आहाराला अग्रक्रम मिळाला, हे समजण्यासारखे आहे. पण अल्प मानधनावर राबणाऱ्या आणि नोंदवह्यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या सेविकेकडून गोष्ट सांगण्याची, रडणाऱ्या मुलाजवळ शांतपणे बसण्याची अपेक्षा आपण करतो, तेव्हा एकेकाळच्या दिपोटीला भ्यालेला मास्तर आठवल्याशिवाय राहत नाही. बालकांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांपासून संरक्षण देणारे कलम शिक्षण हक्क कायद्यात २००९ मध्ये आले. ते सहा ते चौदा वयोगटासाठीच्या कायद्यात आहे.

राष्ट्रीय योजनेने वयाची जी आखणी केली ती प्रशासनाच्या सोयीची होती : जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची बालके, तसेच गर्भवती आणि स्तनदा माता. कोसबाडच्या विकासवाडीत भावंडाला कडेवर घेऊन आलेली मुलगी त्याच छपराखाली स्वतः शिकू लागत होती. राष्ट्रीय अंगणवाडीत तिचे भावंड लाभार्थी ठरले. त्याला दारात सोडून ती परत फिरे किंवा तेथेच उंबऱ्यावर बसून राही. सहा वर्षे उलटल्यामुळे तिचे नाव कोणत्याच रकान्यात बसत नव्हते, आणि आई होईपर्यंत ते पुन्हा बसणार नव्हते. अकरा ते अठरा वयाच्या, शाळा सुटलेल्या मुलींसाठी या योजनेत वेगळा कार्यक्रम १९९१ मध्ये आला. तेव्हा अनुताई एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या वयोगटात असताना त्यांचे लग्न होऊन गेले होते.